भिंतीला लावलेल्या खुर्च्या

ग्रामसेवक म्हणजे नक्की कोण, याचं सरळ उत्तर मला नोकरी संपेपर्यंत मिळालं नाही. गावाला तो सरकारचा माणूस वाटतो. पंचायत समितीतल्या साहेबांना तो गावाला फितूर झालेला वाटतो. सरपंचाला वाटतं आपला कारकून, आणि पडलेल्या पॅनलला वाटतं सरपंचाच्या खिशातला. आता म्हणे पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलंय. मी जुन्याच नावाने नोकरीला लागले आणि जुन्याच नावाने सुटले, त्यामुळे त्या बढतीचं सुख काही मला मिळालं नाही.

त्यात मी बाई. कर्जतच्या बाजारपेठेत वाढलेली, मास्तरांची मुलगी. पहिल्या नेमणुकीच्या गावात खुर्चीवर बसले होते, तर एक म्हातारे दारात येऊन म्हणाले, "भाऊसाहेब कुठं हायत?" ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. मी म्हटलं, "मीच." त्यांनी मला नीट पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बरं. आले की सांगा, मी येऊन गेलतो."

पुढे तरुण पोरं मला मॅडम म्हणायला लागली, बायका ताई म्हणायच्या, आणि जुनी माणसं सरळ भाऊसाहेबच म्हणत राहिली. माझी त्याला कधी हरकत नव्हती. हाक मारल्यावर ओ दिली की काम होतं.

काम म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर: जन्माची नोंद आम्ही करायची, मरणाची आम्ही करायची, आणि मधल्या काळात घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि टाकीतली ब्लीचिंग पावडर यांवरून शिव्या आम्ही खायच्या. या सगळ्याच्या वर ग्रामसभा. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद. आमदार-खासदार निवडून दिला की पाच वर्षं वाट बघायची, पण ग्रामसभेत गाव स्वतः बसतं, स्वतः बोलतं आणि हात वर करून स्वतः ठरवतं. परीक्षेला मी यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. 'स्थानिक स्वराज्य' असा शब्द होता त्यात. चांगले मार्क पडले होते.

प्रत्यक्षात काय होतं? ठरल्या वेळेला देवळाच्या मंडपात सरपंच, मी, शिपाई आणि झोपायला आलेलं कुत्रं. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे कायद्यातलं एकच कलम गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्यामुळे समोरच्या टपरीवर मंडळी पान लावत, कपबश्या वाजवत बसलेली असायची आणि मी 'तहकूब' म्हटलं की चपला झटकत आत यायची. पहिली सभा भरवायची ती तहकूब करण्यासाठी, हे मला समजायला बरीच वर्षं लागली.

तरी मी ग्रामसभेला नावं ठेवणार नाही. साजगावच्या एका कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या एका गड्याने एकदा शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध अर्ज दिला. हा सकाळी पाळी संपवून येऊन झोपणार, आणि कोंबडा याच्या खिडकीखाली आरवणार. सगळे हसले. मग पाळीवर जाणारे आणखी चार जण उठले आणि म्हणाले, हसताय काय, आमच्या घरी पण हेच हाय. तावातावाने चर्चा झाली आणि खुराडं घराच्या दुसऱ्या अंगाला हलवायचं ठरलं. शेजाऱ्याने त्याच संध्याकाळी हलवलं. माझ्या नोकरीत इतक्या झटपट अंमलात आलेला दुसरा ठराव मला आठवत नाही. पुढे गटारी आली आणि तो प्रश्न कायमचाच मिटला.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट दुसऱ्या गावाची. चौक गावाकडून आत वळल्यावर डोंगराच्या पायथ्याला ते गाव आहे. नाव सांगत नाही, माणसं आहेत अजून.

या गावात तीन भावक्या. सभेत तीन भावक्यांची तीन मोठी माणसं सगळ्यांत पुढे सतरंजीवर बसायची आणि त्यांच्या पाठीमागे आपापली माणसं. सरपंचाने 'बाजूने कोण?' असं विचारलं की मागचे लोक सरपंचाकडे बघत नसत. ते आपल्या पुढच्या माणसाच्या खांद्याकडे बघत. तो खांदा हलला की मागे सगळे हात वर. म्हणून कुठलाही सरपंच सभेच्या आधी गावात फिरायचा नाही. तीन घरी चहा प्यायला की त्याची ग्रामसभा झाली. मीही हात मोजायला उभी राहिले तरी नजर पुढच्या तीन हातांवरच असायची, बाकीचे नुसती बेरीज.

या तिघांत मोठे धर्माआबा. त्यांची भावकी सगळ्यांत दांडगी, पन्नास-साठ मतांची. तरुणपणी खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात होते, युनियनमध्ये उठबस होती, मग निवृत्त होऊन शेती बघायला लागले. उंच, शिडशिडीत, कडक. हा माणूस गावात कुणाचं फुकट खात नाही आणि दिलेला शब्द फिरवत नाही, असं त्यांच्याबद्दल विरोधकही बोलायचे. शब्द न फिरवण्याचा त्यांना अभिमानही होता, आणि पुढे तोच त्यांना नडला.

त्या वर्षी गावात एक शेठ आले. आमच्या तालुक्यांत शेठ येणं नवीन नाही. मुंबईची माणसं शनिवार-रविवारला येऊन राहतील असे बंगले बांधायचे, पोहायचा तलाव करायचा, आणि कमानीला काहीतरी 'ग्रीन' लागेल असं नाव द्यायचं. जमीन त्यांनी घेतलेली होती. त्यांना पंचायतीची ना हरकत हवी होती ती दोन गोष्टींसाठी, गुरचरणातून रस्ता आणि पाण्यासाठी बोअर. बोअरची जागा गावच्या पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला.

ही विहीर म्हणजे गावाचा जीव. नळयोजना होती, पण वैशाखात नळाला नुसतीच हवा यायची. विहीर मात्र तळाला का होईना, पाणी राखून असायची. ती आटली तर बायकांना हमरस्ता ओलांडून पलीकडच्या ओढ्यावर जावं लागणार होतं, ट्रकांच्या मधून, डोक्यावर हंडे घेऊन. शेठनी त्या बदल्यात गावाला सिमेंटचा रस्ता आणि पोरांना वॉचमनच्या नोकऱ्या कबूल केल्या होत्या. दोन भावक्यांत चहा पिऊन झाला होता. एक बाजूने होती, एक विरोधात. धर्माआबांनी चहा प्यायला, पण हो की नाही ते सांगितलं नाही. म्हणजे ठराव त्यांच्या खांद्यावर होता.

सभेला मंडप भरला. सरपंचाने विषय वाचला, शेठच्या माणसाने चार शब्द सांगितले, आणि सरपंचाने घाईघाईने विचारलं, "मंग, बाजूने कोन कोन हाय?"

धर्माआबांचा हात वर गेला.

मागे एका दमात सगळी भावकी हात वर करून बसली. आबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मागच्या हालचालीने त्यांनी वळून पाहिलं. मला समोरून त्यांचा चेहरा दिसत होता. ते साठ हात त्यांनी पाहिले, पुन्हा पुढे वळले आणि तोंड मिटलं. हात तसाच राहिला. मी मोजणी केली आणि ठराव मंजूर झाला. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की आबांनी शेवटी रस्ता निवडला.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडते न उघडते तोच त्यांची थोरली सून आली, वैशाली. बचत गटाची अध्यक्ष, बारावी झालेली, बोलायला स्पष्ट.

"ताई, काल मी हात वर नव्हता केला. बघितलं नं तुमी?"

मी म्हटलं, "वर आलेलेच हात मोजले. तुझा त्यात नाही."

"मंग बरं." ती बसली. मग म्हणाली, "आबा काल जेवले नाय. सकाळी चा पण नाय घेतला. मला एकटीला म्हनाले, मी मत द्यायला हात नव्हता केला गं, मला इचारायचं व्हतं."

"काय विचारायचं होतं?"

"बोअर किती खोल मारनार आनि इहिरीपासनं किती लांब."

मी कपाळाला हात लावला. या गावात सभेत बोलायचं असलं तर माणूस सरळ ओरडतो, नाहीतर उठून उभा राहतो. बोलायची परवानगी मागायला हात वर करण्याची पद्धत इथे नाहीच. ती आबांनी कारखान्याच्या गेटवरच्या सभेत उचललेली. तिथे ज्याला बोलायचंय त्याने हात वर करायचा अशी शिस्त होती. सरपंचाची घाई आणि आबांची शिस्त एकाच वेळी भेटली, आणि गावाने विहीर देऊन टाकली.

"मग खाली घ्यायचा हात. म्हणायचं, थांबा, मला बोलायचंय."

वैशाली माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, काय बोलता? मागं सगळी भावकी हात वर करून बसलेली. त्यांच्याम्होरं आबा म्हननार, चुकून वर गेला? मान खाली गेली असती त्यांची."

"आणि आता विहीर गेली तर?"

"ते त्यांना कळत नाय काय? म्हनून तर जेवत नायत."

मला खरंच राग आला. आबांचा आला, त्या साठ जणांचा आला. साठ माणसं, त्यांतली निम्मी पदवीधर, एकालाही वाटलं नाही की आपल्या विहिरीबद्दल आपण स्वतः काही विचार करावा. मी ते बोलूनही दाखवलं. वैशालीने ऐकून घेतलं आणि कामाचं विचारलं, "ठराव परत घेता येतो काय?"

येतो. विषय पुन्हा सभेपुढे आणायला लागतो. मुख्य ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा भरवायची असा नियम आहे. बहुतेक गावांत ती कागदावर भरते. मी माझ्याकडून ती खरोखर भरवायची खटपट करायचे, आणि बहुतेक वेळा हळदीकुंकवावर भागवायचे. या वेळी हळदीकुंकू लागलं नाही. तिन्ही भावक्यांतल्या बायका आल्या. पाण्याला जायचं ते त्यांनाच. 'ना हरकत फेरविचारासाठी पुन्हा ग्रामसभेत घ्यावी' असं त्यांनी ठरवलं, आणि नियमाप्रमाणे तो विषय पत्रिकेवर घेणं सरपंचाला भाग पडलं.

पण गाठ सुटली नव्हती. आबा शब्द फिरवणार नव्हते. पुन्हा पुढे सतरंजीवर बसून त्यांनी उलट हात वर केला, तर मागच्या वेळी चुकलो हे साठ जणांपुढे कबूल केल्यासारखं होणार. नाही केला, तर भावकीही करणार नाही. वैशालीला विहीर हवी होती आणि सासऱ्याची मान खाली गेलेलीही नको होती. दोन्ही एकदम कसं मिळावं, ते मला सुचत नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी ती पुन्हा आली. "ताई, एक इचारू? मानसं कुटं बसवायची, यावर काय कायदा हाय काय?"

"म्हणजे?"

"म्हातारी मानसं खाली सतरंजीवर बसतात. गुडगं दुखतात त्यांचं. त्यांना खुर्च्या दिल्या तर? पाठीला टेकायला मिळंल, अशा भिंतीला लावून. पार मागं, पंख्याखाली."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. मग हसू आवरेना. मी म्हटलं, "खुर्च्यांबद्दल कायद्यात काहीही नाही."

शाळेतून खुर्च्या आल्या. बायकांनी त्या मंडपाच्या पार मागच्या भिंतीला मांडल्या, वर उशा ठेवल्या. तिन्ही मोठ्या माणसांना हाताला धरून, मानाने नेऊन बसवलं. एक जण कुरकुरले, "आमी पुडं बसतो नेहमी." त्यांच्या नातीने सांगितलं, "आजोबा, हितं वारा हाय." ते बसले. धर्माआबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग पुढे बसलेल्या सगळ्या पाठींकडे पाहिलं, मग सुनेकडे. आणि बसले.

विषय आला. या वेळी आबांना जे विचारायचं होतं ते वैशालीने विचारलं, उभं राहून, खणखणीत आवाजात. बोअर किती खोल? विहिरीपासून किती लांब? शेठचा माणूस म्हणाला, ते इंजिनियर ठरवतील. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "इहीर आटली की इंजिनियर पानी आननार काय रं?" हशा झाला. सरपंचाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्याने विचारलं, "ना हरकत रद्द करावी, याच्या बाजूने कोन?"

सवयीने सगळ्यांनी समोर बघितलं, तर समोर खांदाच नव्हता. सरपंच होता आणि मी होते. मग एकेक मान मागे वळायला लागली. आबांचे पुतणे वळले, चुलतभाऊ वळले. आबा खुर्चीत मान टेकून वर फिरत्या पंख्याकडे बघत बसले होते. दोन्ही हात मांडीवर. चेहऱ्यावर काही नाही. वळलेल्या माना जरा वेळ तशाच राहिल्या आणि शरमून पुढे आल्या.

वैशालीने हात वर केला. तिच्या शेजारच्या दोघींनी केला. मग तिसऱ्या भावकीतल्या एका म्हातारीने, मग पाळीवरून थेट आलेल्या एका पोराने. एका दमात नाही, थांबत थांबत. कुणी अर्धा वर करून खाली घेतला आणि पुन्हा केला. नवरा-बायकोचे हात वेगवेगळे पडले. एका पुतण्याने केला, त्याच्या सख्ख्या भावाने नाही केला, आणि दोघे एकमेकांकडे पहिल्यांदा भेटल्यासारखे बघायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला एकेक हात मोजावा लागला. मोजताना घोटाळा झाला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

सगळे जण माझ्या तोंडाकडे बघत होते, आकडा काय येतो म्हणून. मागे कुणाचंच लक्ष नव्हतं. तेव्हा भिंतीपाशी धर्माआबांनी हात वर केला. लोकांकडे तोंड करून मी एकटीच उभी होते, म्हणून मला दिसला. तोही मोजला.

ना हरकत रद्द झाली. फार मोठ्या फरकाने नाही. शेठनी पुढे दोन-चार खेपा घातल्या आणि मग बंगले टेकडीच्या पलीकडे, दुसऱ्या पंचायतीच्या हद्दीत उभे केले. तिथे सभा तहकुबीत उरकली होती, असं ऐकलं. तिथल्या विहिरीचं काय झालं ते विचारायला मी गेले नाही. तो भाग माझ्याकडे नव्हता, असं मी स्वतःला सांगते, पण त्या रस्त्याने जाताना कमान दिसली की बरं वाटत नाही. या गावातल्या खुर्च्याही पुढच्या एक-दोन सभांना मागे राहिल्या. मग सरपंच बदलला आणि सतरंजी पुन्हा पुढे आली. तरीही मागची माणसं हात वर करायच्या आधी जरा थांबायला लागली होती. माझी बदली होईपर्यंत तरी हे असंच होतं. विहिरीला अजून पाणी आहे.

त्या दिवशी सभा संपली, मंडप रिकामा झाला. मी दप्तर आवरत होते. आबा काठी टेकत टेबलापाशी आले.

"भाऊसाहेब, माझा हात मोजलात नं?"

"मोजला, आबा."

"किती धरला?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते खरंच विचारत होते. मी म्हटलं, "एक."

त्यांनी हळूच मान हलवली. बाहेर वैशाली त्यांच्या चपला सरळ करून उभी होती. तिच्याकडे बघत म्हणाले, "एवडी वर्सं साठ हात उचलीत व्हतो. आज एकच उचलला. लय हलका असतो वं." आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "चल गं, भूक लागलीय."